पाच फूट नऊ इंची माणसासाठी शिवलेली एअरबॅग

१९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अपघात-तपासनिसांसमोर एका वेगळ्याच जातीच्या केसेस येऊ लागल्या. गाडी चौकात पुढच्या गाडीला मागून धडकलेली, नाहीतर पार्किंगमध्ये खांबाला. वेग इतका कमी, की बंपर बदलला की काम भागावं. काच शाबूत, दारं नीट उघडताहेत, चालवणारा स्वतःच्या पायांनी खाली उतरलेला. आणि शेजारच्या सीटवरचं मूल गेलेलं. मान मोडून किंवा डोक्याला मार बसून. तो मार टकरीचा नव्हता, डॅशबोर्डातून बाहेर आलेल्या एअरबॅगचा होता.

दुसऱ्या जातीच्या केसेस चालकांच्या होत्या, आणि त्यांत ठेंगण्या बायकांचा वाटा डोळ्यांत भरण्याएवढा होता.

१९९० ते २००८ या काळात, एरवी निभावून गेल्या असत्या अशा कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळेच अमेरिकेत २९०हून अधिक माणसं दगावली, असा एनएचटीएसए या तिथल्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेचा हिशोब आहे. त्यांतले जवळपास ९० टक्के मृत्यू १९९८पूर्वी बनलेल्या गाड्यांत झाले. दगावलेल्यांत चालकांपेक्षा शेजारी बसलेले जास्त, आणि त्या शेजारी बसलेल्यांत दहातली नऊ तरी मुलं किंवा तान्ही बाळं. ताळेबंदाची दुसरी बाजू अशी, की याच एअरबॅगनी २०१७पर्यंत त्या देशात ५०,०००हून अधिक जीव वाचवले. म्हणजे वस्तू वाईट आहे, काढून टाका, असं म्हणायची सोय नव्हती. ती ज्यांना वाचवत होती त्यांचे देह एका मापाचे होते आणि ज्यांना मारत होती त्यांचे दुसऱ्या.

गाड्यांच्या चाचण्यांत बाईचा पुतळा नसतो, ही चर्चा आता आपल्याकडेही पोचली आहे. पण ती बहुतेक वेळा ‘अन्याय आहे’ इथे येऊन थांबते. एअरबॅगच्या या प्रकरणात नियमातलं एक वाक्य कुणाच्या छातीपर्यंत कोणत्या वाटेनं पोचलं, हे नटबोल्टच्या पातळीवर पाहता येतं. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

बेल्ट न लावलेला मधला पुरुष

अमेरिकेत गाडीतल्या माणसाच्या बचावाचा नियम २०८ क्रमांकाचा. त्यातली कळीची चाचणी अशी: गाडी ताशी ४८ किलोमीटरने, म्हणजे तिथल्या ३० मैलांनी, सरळ भिंतीवर घालायची. आत बसवलेल्या डमीच्या डोक्यावर, छातीवर, मांड्यांवर किती जोर आला ते मोजायचं. आकडे मर्यादेत आले तर गाडी पास. आणि डमीला बेल्ट लावलेला नसताना सुद्धा ते मर्यादेत यायला हवेत.

हा डमी म्हणजे जनरल मोटर्सने १९७६ साली आणलेला ‘हायब्रिड ३’. उंची सुमारे १७५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट नऊ इंच. वजन ७८ किलोच्या आसपास. शंभर अमेरिकी पुरुष ठेंगण्यापासून उंचापर्यंत रांगेत उभे केले तर मधोमध जो येईल, तो हा. पुतळा म्हणून अप्रतिम काम आहे. छातीच्या बरगड्या पोलादी, मान रबर आणि धातूच्या चकत्यांची. आजही जगभर तोच भिंतींवर आदळतो आहे.

पण बेल्ट न लावलेला का? याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नाही, राजकारणात आहे. १९८४ साली अमेरिकेत बेल्ट लावणारे शंभरात जेमतेम १४ होते. ‘लोक बेल्ट लावणारच नाहीत, तेव्हा त्यांनी काहीही न करता त्यांना वाचवणारी वस्तू गाडीत हवी’ हा विचार १९६९पासून सरकारदरबारी फिरत होता आणि कंपन्या तितकीच वर्षं त्याला अडवत होत्या. १९७७मध्ये सक्ती जाहीर झाली, १९८१मध्ये रेगन सरकारने ती काढून टाकली, १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काढून टाकणं मनमानी ठरवलं. पुढच्या वर्षी परिवहन मंत्री एलिझाबेथ डोल यांनी तडजोडीचा नियम आणला: कंपन्यांनी टप्प्याटप्प्यानं स्वयंचलित संरक्षण द्यावं, मात्र देशाच्या दोन तृतीयांश लोकसंख्येच्या राज्यांनी बेल्टसक्तीचे कायदे केले तर ही सक्ती गळून पडेल. शेवटी १९९१च्या कायद्याने १९९८च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींत पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या केल्या. एवढ्या लढाईनंतर हाती आलेल्या नियमातलं ‘बेल्ट न लावलेला पुरुष’ हे कलम हलवायला सुरक्षावाले राजी नव्हते. ते हललं तर सगळंच हलेल, ही भीती. मला ती भीती समजू शकते. पण तोवर देश बदलला होता. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण ६० टक्के लोक बेल्ट लावू लागले होते, आणि एअरबॅग मात्र अजूनही न लावणाऱ्याच्याच मापाची शिवली जात होती.

युरोपात गोष्ट उलटी झाली. तिथे बेल्टची सवय आधी रुजली, एअरबॅग नंतर आली. मर्सिडीजने १९८१च्या सुमारास एस-क्लासमध्ये दिलेली एअरबॅग बेल्टच्या जोडीला होती, त्याच्या बदल्यात नव्हती. म्हणून तिकडच्या पिशव्या लहान आणि मवाळ ठेवता आल्या. तेच रसायन, तोच कापड-धागा, पण समोर कोण बसलं आहे याचं गृहीतक वेगळं.

पाच इंचांचा हिशोब

ताशी ४८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३ मीटरहून थोडं जास्त. गाडी भिंतीवर थांबते, बेल्ट नसलेला माणूस थांबत नाही. तो स्टिअरिंगवर पोचायच्या आत पिशवी भरून तयार हवी. अमेरिकी डिझायनरांनी त्यासाठी साधं गणित बसवलं होतं. मधल्या मापाचा पुरुष स्टिअरिंगपासून साधारण १५ इंचांवर बसतो. भरलेली पिशवी सुमारे १० इंच जाड. उरले पाच इंच. माणूस हे पाच इंच पुढे सरकेपर्यंत पिशवी पूर्ण भरलेली असली पाहिजे. तिला भरायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात, म्हणून त्याच्या तेवढं आधी सेन्सरने ‘फोड’ असा हुकूम द्यायचा. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

इतक्या थोड्या वेळात इतकी मोठी पिशवी भरायची तर ती बाहेर येताना अफाट वेगानं येणार. तोंडाशी हा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. शेजारच्या सीटची पिशवी तर आणखी मोठी, कारण डॅशबोर्ड स्टिअरिंगपेक्षा दूर असतो आणि मधली पोकळी भरून काढायची असते.

या गणितात १५ इंचांच्या जागी सहा घाला. पाच फूट उंचीच्या बाईला पेडलपर्यंत पाय पोचवायचे तर सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढावी लागते. तिची छाती आता जिथे आहे तिथे पिशवी अजून घडीतून सुटते आहे. बाहेर उघडणाऱ्या दारापासून दोन हात लांब उभं असलं तर दार कितीही जोरात उघडलं तरी वाराच लागतो; दाराला कान लावून उभं असताना कुणी आतून लाथ मारली तर मात्र गोष्ट निराळी. पिशवी बाहेर पडतानाचे पहिले दोन-तीन इंच हे त्या लाथेचे. तिथे बरगडी, हनुवटी किंवा मान असेल तर सगळा जोर एका जागी येतो, कारण पिशवी अजून पसरलेलीच नसते.

मुलाचं गणित आणखी वाईट. टकरीआधी चालक करकचून ब्रेक मारतो. बेल्ट न लावलेलं मूल सीटवरून घसरतं आणि पिशवी फुटायच्या क्षणी डॅशबोर्डला टेकलेलं असतं. तान्ह्या बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट पुढे लावली तर तिची पाठ मुळातच डॅशबोर्डच्या झाकणासमोर येते. बाळाचं डोकं आणि ते झाकण यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक थर.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं का? आलं होतं. डॅशबोर्डला टेकून उभ्या असलेल्या मुलाचं काय होईल हे पाहायला १९७०च्या दशकातच अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये भूल दिलेल्या प्राण्यांवर चाचण्या झाल्या होत्या, आणि निष्कर्ष सुखाचे नव्हते. कंपन्यांनी हा मुद्दा सरकारपुढे मांडलाही. पण वीस वर्षं प्रत्येक सुरक्षा-नियमाला नाही म्हणणाऱ्याने एकविसाव्या वर्षी खरं सांगितलं, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय सुरुवातीच्या बातम्या चांगल्या होत्या. मार्च १९९०मध्ये व्हर्जिनियातल्या कलपेपरजवळ दोन क्रायस्लर लेबॅरन समोरासमोर आदळल्या. दोन्हींत चालकाची एअरबॅग, आणि दोन्ही चालक किरकोळ जखमांवर सुटले. अशी टक्कर पहिल्यांदाच घडत होती, त्यामुळे तिची खूप चर्चा झाली. दोघेही मोठी माणसं होती, हा मुद्दा तेव्हा कुणाला सुचायचं कारण नव्हतं.

आधी मलमपट्टी

१९९६-९७मध्ये प्रकरण पेटलं तेव्हा पहिले उपाय स्वस्तातले होते. सूर्यझडपेवर मोठी चेतावणीची पट्टी. बारा वर्षांपर्यंतची मुलं मागच्या सीटवर बसवा, ही देशभर मोहीम. मार्च १९९७मध्ये नियमात तात्पुरती सवलत: गाडी भिंतीवर घालण्याऐवजी घसरगाडीवरची सौम्य चाचणीही चालेल. तिच्यामुळे कंपन्यांना पिशवीचा जोर साधारण २० ते ३५ टक्क्यांनी उतरवता आला. १९९८च्या मॉडेलांत हे झालं, म्हणूनच वरच्या आकड्यांत ते वर्ष सीमारेषेसारखं दिसतं.

१९९८च्या सुरुवातीपासून एअरबॅग बंद करायचं बटण बसवून घ्यायची मुभा मिळाली, पण मागेल त्याला नाही. सरकारकडे अर्ज करायचा आणि चारांपैकी एक कारण दाखवायचं: तान्हं बाळ पुढेच बसवणं भाग आहे, मोठी मुलं पुढे बसवणं भाग आहे, चालवणाऱ्याला स्टिअरिंगपासून दहा इंच राखता येत नाहीत, किंवा तसाच काही आजार आहे. डॉक्टरांच्या एका परिषदेने स्पष्ट केलं होतं की गरोदरपण, चष्मा, पेसमेकर ही एवढ्यावर बंद करायची कारणं नव्हेत. त्या चारांतलं तिसरं कारण पुन्हा वाचा. देहाचं माप जमत नसेल तर देहाच्या मालकिणीनं अर्ज करावा, असा त्याचा अर्थ होता. तात्पुरता उपाय म्हणून मी तो मान्य करतो, पण गाडी बदलण्याऐवजी माणसाला रांगेत उभं करणारा हा उपाय होता.

छाती आणि स्टिअरिंग यांच्यात २५ सेंटीमीटर, म्हणजे दहा इंच, ठेवायचा आकडा इथूनच आला. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान दहा इंच ठेवा, म्हणजे त्या पहिल्या दोन-तीन इंचांच्या लाथेपासून भरपूर अंतर राहतं.

मग नियमच बदलला

मे २०००मध्ये नवा नियम आला आणि सप्टेंबर २००३पासून टप्प्यानं लागू झाला. या प्रकरणातलं मला सर्वांत आवडणारं पान हेच. ‘एअरबॅग सौम्य करा’ असा मोघम हुकूम त्यात नव्हता. त्यात माणसं वाढवली होती. मधल्या पुरुषाशेजारी आता ठेंगण्या बाईचा डमी आला: उंची दीड मीटरच्या आसपास, वजन ४९ किलो. शंभर अमेरिकी बायकांत जिच्याहून लहान चणीच्या फक्त पाच निघतील अशी. तिची सीट पूर्ण पुढे ओढूनच चाचणी घ्यायची. सोबत एक वर्षाचं बाळ, तीन वर्षांचं मूल, सहा वर्षांचं मूल, असे डमी. बेल्ट न लावलेल्या चाचणीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर उतरवला.

आणि डमीनं नीटच बसलं पाहिजे ही अट गेली. एका चाचणीत बाईच्या डमीची हनुवटी थेट स्टिअरिंगच्या मधल्या झाकणावर टेकवतात, दुसरीत कड्यावर, आणि उभ्या गाडीत पिशवी फोडतात. माणूस खरोखर कसा बसतो, वाकतो, पेंगतो, याची दखल नियमानं घेण्याची ही सुरुवात होती.

मुलांसाठी कंपन्यांना दोन वाटा दिल्या: पिशवी इतकी हलकी करा की टेकलेल्या मुलालाही इजा होणार नाही, नाहीतर मूल ओळखून ती बंदच ठेवा. बहुतेकांनी दुसरी वाट धरली. सीटखाली वजन मोजणारी गादी किंवा सेन्सर, आणि डॅशबोर्डवर ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’चा दिवा. सहा वर्षांचा डमी साधारण २३ किलोचा, बाईचा ४९ किलोचा; पहिल्याला बंद, दुसरीला चालू, आणि रेषा मध्ये कुठेतरी. अंगानं बारीक असलेली बाई दाराकडे रेलून बसली की दिवा लागतो, ही तक्रार तेव्हापासून आहे. कुठेही रेषा ओढली तरी तिच्यावर कुणीतरी बसलेलं असणारच. पण निदान ती आता २३ आणि ४९ किलोंच्या मध्ये ओढली जाते आहे, ७८वर नाही. याच काळात दोन टप्प्यांनी फुगणाऱ्या पिशव्याही सर्रास झाल्या: धडक हलकी असली, सीट पुढे असली, बेल्ट लावलेला असला तर कमी जोर.

एअरबॅगनं मुलं मरण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. त्याचं श्रेय सगळं तंत्राला देऊ नये, मुलं मागे बसू लागली हेही तितकंच मोठं कारण. जोर उतरवल्यामुळे मोठी माणसं मरतील ही सुरक्षावाल्यांची भीती खरी ठरली नाही. २००० नंतरच्या ‘प्रगत’ पिशव्यांचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेच्या विश्लेषणात, नुसता जोर उतरवलेल्या आधीच्या पिशव्यांच्या तुलनेत बेल्ट लावलेल्या चालकांना त्या काहीशा कमी पडल्यासारखं दिसलं. सगळ्यांसाठी एकदम चांगलं असं एकही माप नसतं, याचा हा पुरावाच म्हणायचा.

बाईचा तो डमी हीही अर्धी दुरुस्तीच. तो बहुतांशी पुरुषाच्या पुतळ्याचा लहान केलेला अवतार आहे. मानेचे स्नायू, ओटीपोटाच्या हाडाचा आकार, बरगड्यांची ठेवण यांतले फरक त्यात नीट येत नाहीत. २०११मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की सारख्या टकरीत बेल्ट लावलेल्या बायकांना गंभीर इजेची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त होती. २०२१मध्ये त्याच विमा-संस्थेनं पाहिलं की यातला बराच फरक बायका लहान, हलक्या गाड्या चालवतात यामुळे पडतो. सारख्या गाड्या-सारख्या टकरी घेतल्या की तो खूप आटतो, पायांच्या इजांचा मात्र उरतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत, फक्त पहिलाच सगळीकडे फिरत असतो. स्वीडनमध्ये आस्ट्रिड लिंडर यांच्या गटानं २०२२मध्ये मधल्या मापाच्या बाईचा, १६२ सेंटीमीटर आणि ६२ किलोचा, मागून बसणाऱ्या धडकेसाठीचा डमी पुढे आणला. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकी परिवहन खात्यानं ‘थॉर-०५एफ’ हा बाईच्या शरीरावरून घडवलेला नवा डमी जाहीर केला. लठ्ठ माणसं, ज्यांच्या पोटावर बेल्ट हाडाऐवजी मांसावर बसतो, आणि म्हातारी माणसं, ज्यांच्या बरगड्या बेल्टनंच मोडतात, यांची पाळी अजून दूर आहे.

आपल्याकडे

भारतात चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची नव्या मॉडेलांत एप्रिल २०२१पासून आणि आधीच्या मॉडेलांत २०२२ उजाडताना. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळून त्यांना सुरक्षेचे तारे देणारा सरकारी कार्यक्रम, सुरू झाला. त्याच्या समोरून धडकेच्या चाचणीत पुढच्या दोन्ही सीटवर तोच पाच फूट नऊ इंची पुरुष बसतो आणि मागे दोन मुलांचे डमी. आता एक आकडा शेजारी ठेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटीमीटर आहे. अमेरिकी नियमात जी बाई रांगेच्या अगदी टोकाला उभी आहे, ती आपल्याकडे रांगेच्या मधोमध आहे. त्यात आपल्या बहुतेक गाड्या अजून गिअरच्या. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय मोकळा असतो, आपल्याला क्लच तळापर्यंत दाबायचा असतो, म्हणून सीट आणखी एक खाच पुढे.

मुलांच्या बाबतीत तर आपण १९९५च्या अमेरिकेत आहोत. मोटार वाहन कायद्याचं १९४ब कलम सांगतं की १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड. पण आईच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, हे दृश्य कुठल्याही सिग्नलला दिसतं. डिसेंबर २०२४मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या आघातानं गेल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या गाडीचा मागचा भाग उडून या गाडीच्या बॉनेटवर आदळला होता. त्याच गाडीतली इतर माणसं वाचली.

हे सगळं वाचून झाल्यावर मी फूटपट्टी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. आई चार फूट अकरा इंच. पाठीमागे उशी घेऊन, सीट शेवटपर्यंत ओढून चालवते, गेली बारा वर्षं. अंतर भरलं १८ सेंटीमीटर. पाठीची उशी काढून बुडाखाली दिली, सीट दोन खाचा मागे, पाठ किंचित कलती, स्टिअरिंग खाली वळवून तोंडाऐवजी छातीकडे. २६ भरलं. मग क्लच तळापर्यंत जातो का ते तिच्याकडून तीनदा दाबून घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अरे जातोय, पण आता बॉनेटचं टोक दिसत नाही.”